ओसाड गावाला क्रमांक, नांदत्या तांड्याला नाही!

‘बेचिराख’ हा मराठवाड्याच्या महसुली दप्तरातला जुना शब्द आहे. ज्या गावात चिराग, म्हणजे दिवा, लागत नाही ते गाव बेचिराख. निजामाचे राज्य गेले, हैदराबाद संस्थान मोडले, मराठवाडा १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. परंतु हा शब्द काही गेला नाही, आणि शब्दाबरोबर ती गावेही दप्तरातून गेली नाहीत. वस्ती उठली, विहिरी बुजल्या, देवळाचे दगड लोकांनी नेले, तरी त्या गावाची शीव कायम, त्याचे नाव कायम आणि जनगणनेच्या पुस्तकातील त्याची ओळही कायम! २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ४३ हजारांहून अधिक खेड्यांपैकी अडीच हजारांहून अधिक खेडी निर्जन म्हणून नोंदलेली आहेत. साऱ्या देशात अशा निर्जन खेड्यांची संख्या ४३ हजारांच्या घरात जाते. त्या प्रत्येकाला सहा अंकी क्रमांक आहे, क्षेत्रफळ आहे, आणि लोकसंख्येच्या रकान्यात एक प्रामाणिक शून्य आहे.

आता याच मराठवाड्यातील परतूर तालुक्याच्या एखाद्या माळावर संध्याकाळी उभे राहून पाहावे. समोर तांडा आहे. साठ-सत्तर घरांतून धूर निघतो आहे, पोरे खेळत आहेत, नायकाच्या ओट्यावर चार माणसे बसली आहेत, सेवालाल महाराजांच्या मंदिरात दिवा लागला आहे. या वस्तीला नाव आहे, पंचक्रोशीला ते नाव ठाऊक आहे, एस.टी.चा वाहकही ते नाव ओळखतो. फक्त भारताच्या जनगणनेच्या प्रसिद्ध कोष्टकात हे नाव शोधून सापडत नाही. ज्या गावात दिवा नाही त्याची नोंद आहे, आणि ज्या वस्तीत दिवा आहे तिची नाही. हा कोणा एका कारकुनाचा हलगर्जीपणा असता तर त्यासाठी आम्ही अग्रलेख खर्ची घातला नसता. हा नियमाचा परिणाम आहे, आणि म्हणूनच त्याची चर्चा जाहीरपणे झाली पाहिजे.

नियम असा की, ग्रामीण भागात जनगणनेचा मूळ घटक म्हणजे महसुली गाव. ज्याची शीव मोजणीने निश्चित झालेली आहे ते गाव. त्या शिवेच्या आत एक वस्ती असो वा सात असोत, आकडे प्रसिद्ध करताना सारे मिळून एकच गाव समजले जाते. वाडी, वस्ती, तांडा, पाडा हे शब्द आपल्या तोंडी आहेत, परंतु अखेरच्या कोष्टकात त्यांना स्थान नाही. अपवाद आहे तो वनक्षेत्रासारख्या मोजणी न झालेल्या भूभागाचा. तेथे लोकमान्य सीमा असलेली प्रत्येक वस्ती स्वतंत्र घटक धरली जाते. म्हणजे, जेथे सरकारची साखळी पोहोचली नाही तेथे लोकांचा शब्द प्रमाण. आणि जेथे ती पोहोचली तेथे लोकांचा शब्द रद्द!

शहरांच्या बाबतीत हीच जनगणना किती चोखंदळ आहे पाहा. परतूरला नगरपरिषद आहे, म्हणून ते कायद्यानेच शहर ठरते. ज्या गावाला नगरपरिषद नाही, परंतु ज्याची लोकसंख्या पाच हजारांवर आहे, ज्यातील काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान पाऊणशे टक्के शेतीबाहेरच्या व्यवसायात आहेत, आणि जेथे दर चौरस किलोमीटरला चारशे माणसे राहतात, त्यालाही जनगणना आपणहून शहर मानते. १९६१ पासून ही कसोटी ठरलेली आहे. २००१ साली देशात अशी १,३६२ जनगणना-शहरे होती; २०११ साली त्यांची संख्या ३,८०० च्या वर गेली. राज्य सरकारने अधिसूचना काढो वा न काढो, जनगणनेने त्यांना वेगळी ओळ दिली. गाव फुगून मोठे झाले की ते पाहण्याची दृष्टी या खात्याजवळ आहे. गावातून लहान वस्ती फुटून वेगळी नांदू लागली तर ती पाहण्याची दृष्टी मात्र नाही.

कोणी म्हणेल, ओळ नसली तर काय बिघडले? माणसे तर मोजली गेली ना? होय, माणसे मोजली गेली. परंतु ती कोणाच्या खात्यावर मोजली गेली, हा प्रश्न आहे. जिल्हा जनगणना पुस्तिकेत प्रत्येक गावापुढे प्राथमिक शाळा, पिण्याचे पाणी, दवाखाना, टपाल कचेरी, पक्का रस्ता यांची नोंद असते. सोय नसेल तर ती पाच किलोमीटरच्या आत आहे, पाच ते दहाच्या दरम्यान आहे, की दहाच्या पलीकडे आहे, हेही दाखवलेले असते. गाव एकच धरल्यामुळे मूळ गावठाणातील शाळा ही तांड्याचीही शाळा ठरते, गावठाणातील नळ हा तांड्याचाही नळ ठरतो. तांड्यातील स्त्री डोक्यावर हंडा घेऊन दीड कोस चालते, आणि मुंबई-दिल्लीच्या कचेरीत तिच्या गावापुढे ‘पाणी आहे’ अशी खूण असते. आकडा खोटा नसतो, पण त्या स्त्रीच्या दृष्टीने तो खरा तरी कसा म्हणावा?

या एका ओळीवर पुढे कितीतरी गोष्टी उभ्या राहतात. ग्रामपंचायतीचे प्रभाग आणि राखीव जागा जनगणनेच्या आकड्यांवरून ठरतात. वित्त आयोगाच्या अनुदानात लोकसंख्येला वजन आहे. तांडा स्वतंत्रपणे दिसला नाही, की तो मूळ गावाच्या कोणत्या तरी प्रभागाला शेपटासारखा जोडला जातो. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने गाव सोडून वस्ती हा घटक धरला आणि सपाट प्रदेशात ५०० लोकसंख्येच्या वस्तीला रस्ता देण्याचे ठरवले, ही शहाणपणाची गोष्ट झाली. शिक्षण हक्काच्या नियमांनीही पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असावी, असे म्हटले. परंतु ५०० माणसे आहेत हे सिद्ध करायचे कशावरून? जनगणनेचे पुस्तक तर गावाचाच आकडा देते! मग रस्तेवाल्यांची एक यादी, पाणीवाल्यांची दुसरी, शाळावाल्यांची तिसरी. तांड्याचे नाव एका यादीत असते, दुसऱ्या यादीत नसते, तिसऱ्या यादीत वेगळ्याच रीतीने लिहिलेले असते. ज्याच्या मागे वजनदार पुढारी असेल त्याची वस्ती यादीत चढते. ज्याच्या मागे कोणी नाही त्याने अर्ज करीत बसावे.

परतूर तालुक्याच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक कडू पदर आहे. परतूर, मंठा, घनसावंगी, अंबड या पट्ट्यातील तांड्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचे तांडे बाहेर पडतात. नवरा-बायकोची कोयता-जोडी, बैलगाडी किंवा ट्रॅक्टर, सोबत तान्ही मुले, असा सारा संसार पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या फडांवर जातो. कारखान्यांचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे फाल्गुन-चैत्रापर्यंत, तो परत येत नाही. मागे राहतात म्हातारी माणसे, त्यांच्या स्वाधीन केलेली शाळकरी मुले आणि कडी लावलेली घरे.

आणि आपली जनगणना कधी होते? फेब्रुवारीत! २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हाच संदर्भदिन ठरवला. जनगणनेचा नियम असा की, गणनेच्या साऱ्या मुदतीत जो माणूस आपल्या नेहमीच्या घरी नसतो तो जेथे सापडेल तेथे मोजावा. म्हणजे परतूरच्या तांड्यातील धडधाकट माणसे कुठल्या तरी कारखान्याच्या आवारातील कोपीत मोजली जातात आणि त्या परक्या गावाच्या बेरजेत मिळतात. तांडा आधीच कोष्टकात दिसत नाही; जो काही दिसायचा तोही नेमका रिकामा असताना मोजला जातो. दिवाळीआधी जी वस्ती सातशेची असते ती फेब्रुवारीत तीनशेची निघाली, तर स्वतंत्र ग्रामपंचायतीची मागणी करताना तिने कोणत्या तोंडाने उभे राहावे? ज्या मजुरांच्या कोयत्यावर राज्याचे साखर कारखाने चालतात त्यांचे गाव त्यांच्याच अनुपस्थितीत लहान ठरते, ही गोष्ट महाराष्ट्राला शोभणारी नाही.

गावापासून फुटलेल्या वस्तीला नाव देण्याची रीत आपल्याकडे नव्हती, असेही नाही. परतूर तालुक्यातच सातोना बुद्रुक आहे आणि सातोना खुर्द आहे. बुद्रुक म्हणजे बुजुर्ग, थोरले. खुर्द म्हणजे धाकटे. फारसी लिहिणाऱ्या मध्ययुगीन दप्तरदाराला जे सुचले ते हेच, की थोरल्या गावातून धाकटे गाव निघाले तर त्याला निराळे नाव लावावे आणि त्याचा निराळा हिशेब ठेवावा. त्याचा हेतू सारावसुलीचा होता, परोपकाराचा नव्हता, हे आम्ही जाणतो. परंतु वसुलीसाठी का होईना, त्याने धाकट्या गावाला गाव म्हटले. आज लोककल्याणासाठी मोजणी करणाऱ्या राज्याला तेवढेही करता येऊ नये काय?

तांड्याचा इतिहास तर याहून बोलका आहे. तांडा या शब्दाचा मूळ अर्थच मुळी चालता काफिला. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून बंजाऱ्यांनी शतकानुशतके दख्खनच्या बाजारपेठा आणि फौजा पोसल्या. आगगाडी आली आणि हा व्यवसाय बुडाला. हैदराबाद-गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग १९०० साली सुरू झाला. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा आणि परतूरवरून जाणारा तो हाच मार्ग. ज्या रुळांनी परतूरची पेठ वाढवली त्याच रुळांनी बैलांचा तांडा माळावर बसवला. गावठाणात जागा नव्हती, म्हणून तो गायरानाच्या कडेला, डोंगराच्या पायथ्याला, गावच्या शिवेवर बसला. त्यापूर्वीच, १८७१ साली, इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता. देशातील अनेक भटक्या जमातींवर त्याने हजेरीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. आज बंजारा समाज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. ज्या राज्यव्यवस्थेला कालपरवापर्यंत भटक्यांची रोजची हजेरी घेता येत होती, तिला दहा वर्षांतून एकदा त्यांच्या वस्तीचे नाव लिहिता येत नाही, असे कोणी सांगू लागल्यास ते कोण खरे मानील?

महाराष्ट्राला तर या प्रश्नाची जाण इतरांहून अधिक असायला हवी होती. पुसदजवळच्या गहुलीच्या तांड्यात जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ या राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही मंजूर झाली. या संहितेच्या चौथ्या कलमाने अधिसूचना काढून गावाचे क्षेत्र ठरवण्याचा आणि बदलण्याचा अधिकार राज्य सरकारला दिलेला आहे. नाईकांच्या नावाची तांडा-वस्ती सुधार योजना आहे, २०२४ साली संत सेवालाल महाराजांच्या नावाने तांडा समृद्धी योजना जाहीर झाली. योजनांना थोरांची नावे लाभली याचा आनंदच आहे. परंतु ज्या तांड्यांसाठी त्या आहेत त्या तांड्यांची नावे अधिकृत पुस्तकात कधी येणार?

शेजाऱ्यांकडे पाहिले म्हणजे आपली ढिलाई अधिकच डोळ्यांत भरते. निजामाच्या एकाच राज्याचे तीन तुकडे १९५६ साली तीन राज्यांत गेले. तेलंगणाने २०१८ च्या पंचायत राज कायद्याने साधारण पाचशे लोकवस्तीच्या तांड्यांना स्वतंत्र ग्रामपंचायत दिली. त्या वेळी राज्यातील ग्रामपंचायतींची संख्या सुमारे चार हजारांनी वाढली. कर्नाटकाने आपल्या कायद्यात दुरुस्ती करून कलबुर्गी, यादगीर, रायचूर, बीदर आणि विजयपूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे १,४७५ बिननोंदीच्या वस्त्यांना महसुली गावे म्हणून जाहीर केले, आणि १९ जानेवारी २०२३ रोजी राष्ट्रकूटांच्या जुन्या राजधानीत, मळखेडला, त्यांतील पन्नास हजारांहून अधिक कुटुंबांना घरजागेची हक्कपत्रे वाटली गेली. तिसरा तुकडा म्हणजे आपला मराठवाडा. १९४८ साली आपणही त्याच जोखडातून सुटलो होतो, आपल्या माळांवरही तेच तांडे आहेत, तीच बोली आहे, तेच नायक आहेत. मग आपलाच तांडा मागे का?

जगातही हा प्रश्न नवा नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नगरपालिका नसलेल्या असंख्य वस्त्या आहेत. त्यांना कायद्याने हद्द नाही. तरीही १९५० पासून तेथील जनगणना खाते हजारावर लोकसंख्येच्या अशा वस्त्यांची स्वतःच हद्द आखून त्यांचे आकडे स्वतंत्र देऊ लागले, आणि २००० सालापासून तर किमान लोकसंख्येची अटही त्याने काढून टाकली. संयुक्त राष्ट्रांच्या जनगणनाविषयक शिफारशी स्पष्ट सांगतात की, शेजारी-शेजारी राहणाऱ्या आणि नावाने ओळखल्या जाणाऱ्या लोकांचा समूह ही एक गोष्ट, आणि राज्यकारभाराचा सर्वांत लहान विभाग ही दुसरी गोष्ट. या दोहोंची गल्लत करू नये. आपल्या संसदेलाही हे उमगलेले आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात पाडा किंवा पाड्यांचा समूह यालाच गाव मानले. परंतु जालना जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. म्हणून नंदुरबारच्या पाड्याला जे तत्त्व लागू, ते परतूरच्या तांड्याला लागू नाही.

खात्याची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. दर दहा वर्षांच्या आकड्यांची तुलना करता यावी म्हणून घटक स्थिर हवा, वस्त्यांच्या सीमा मोजलेल्या नाहीत, आणि दहा-बारा घरांच्या वस्तीचे आकडे छापले तर घराघरांची खाजगी माहिती उघडी पडेल, असे तीन आक्षेप घेतले जातात. तिन्ही विचारार्ह आहेत, पण तिन्हींना उत्तर आहे. महसुली गावाची ओळ काढून टाका असे कोणी म्हणत नाही. तिच्याखाली वस्तीच्या पोटओळी द्या, एवढेच मागणे आहे. सीमा मोजलेली नसली तरी प्रगणकाला ती ठाऊक असते, कारण घरयादी करताना तो नजरी नकाशा काढतो आणि घराघराला क्रमांक देतो. फार लहान वस्तीचे फक्त घरांचे व माणसांचे आकडे आणि सोयींची नोंद द्यावी, बाकीचा तपशील देऊ नये. मुख्य म्हणजे, माहिती गोळा करण्याची अडचणच नाही. ती तांड्यावर जाऊन, तांड्याच्या नावानिशी गोळा होते. ती हरवते बेरजेत.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. पहिली मागणी राज्य सरकारकडे. जनगणनेसाठी प्रशासकीय सीमा ३१ डिसेंबर २०२५ नंतर गोठवण्यात आल्या, त्यामुळे नवी महसुली गावे या गणनेत येणे शक्य नाही, हे मान्य. परंतु वस्तीचे नाव नोंदणे हा सीमाबदल नव्हे. प्रत्येक तहसीलदाराने, आणि तोच आपल्या तालुक्याच्या जनगणनेचा प्रमुख अधिकारी असतो, वाडी-वस्ती-तांड्यांची एकच यादी ग्रामसभेपुढे वाचून कायम करावी आणि साऱ्या खात्यांनी तीच वापरावी. गणना संपून सीमा मोकळ्या झाल्या, की त्या यादीवरून महसुली गावांच्या अधिसूचना काढाव्यात.

दुसरी मागणी जनगणना खात्याकडे. २०२७ च्या गणनेत प्रगणकाच्या हाती मोबाईल असणार आहे. एका वस्तीची घरे एका नावाखाली एकत्र करणे पूर्वी महिन्यांचे काम होते, ते आता फार जड नाही. प्रगणन गट आखताना तांडा मध्येच तोडू नये, आणि प्रसिद्ध होणाऱ्या ग्रामसूचीत त्याची पोटओळ द्यावी.

तिसरी मागणी ऊसतोड कामगारांसाठी. घरयादीच्या फेरीत कुलूप लागलेल्या घराची आणि त्यातील हंगामी स्थलांतरितांची नोंद तांड्याच्या पोटओळीत वेगळी दाखवावी. कारखान्यावर मोजल्या जाणाऱ्या माणसाचे मूळ गाव विचारताना तालुक्यावर न थांबता तांड्याचे नाव लिहून घ्यावे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या ओळखपत्रांसाठी ग्रामसेवकांनी केलेल्या नोंदी पडताळ्यासाठी उपयोगी पडतील.

अखेरचे दोन शब्द तांड्यातील नायकांना, कारभाऱ्यांना आणि शिकलेल्या तरुणांना. सरकार आपले काम करील तेव्हा करील. प्रगणक दारात येईल, तो बहुधा आपल्याच मुलांचा गुरुजी असेल. त्याला पाणी द्या, सावलीत बसवा, आणि आपल्या वस्तीचे नाव नकाशावर त्याच्या हातून लिहून घेतल्याशिवाय त्याला उठू देऊ नका. जो फडावर गेला आहे त्याचे नाव सांगा, तो परत येणार आहे हेही सांगा.

बेचिराख गावाची ओळ पुसून टाका असे आम्ही म्हणत नाही. गेलेल्या गावाची आठवणही राज्याने जपावी. आमचे म्हणणे इतकेच की, जेथे दिवा लागतो तेथेही राज्याने एक ओळ लिहावी.